आमच्याकडे धूळ पावसाळ्यातच का उठते? कवठेमहांकाळच्या हवेचे ऋतुमान

दंडोबाचा पायथा (धागाकर्ता)

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यात, कवठेमहांकाळच्या पश्चिमेला राहतो. गेली दोन वर्षे गच्चीवर दोन वस्तू मांडून ठेवल्या आहेत. पहिली म्हणजे भाच्याने पुण्याहून पाठवलेले, हवेतले सूक्ष्म कण मोजणारे छोटे यंत्र. ते दर दहा मिनिटांनी आकडा नोंदवते. दुसरी म्हणजे घरातलीच एक स्टीलची ताटली. दर रविवारी ताटलीत साचलेली धूळ मी रंगाच्या कोरड्या ब्रशने, आधी तोलून ठेवलेल्या कागदावर झाडून घेतो, त्याची पुडी बांधतो आणि महिन्याच्या पुड्या ओळखीच्या सराफाच्या काट्यावर तोलून आणतो. सुरुवातीला तो हसला होता. आता मी दारात दिसलो की न सांगता काटा शून्यावर आणतो. पावसाने ताटली भरली, तर तो आठवडा मी वहीत कोरा सोडतो.

अडचण अशी आहे, की या दोघांचे एकमेकांशी जुळत नाही. ताटलीत सर्वांत जास्त धूळ ज्येष्ठाच्या उत्तरार्धापासून आषाढ संपेपर्यंत, म्हणजे ढोबळमानाने १५ जून ते जुलैअखेर साचते. मार्गशीर्ष-पौषात ताटली जवळजवळ स्वच्छ असते. यंत्र नेमके उलट सांगते. त्याचे वरचे आकडे डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळचे असतात आणि आषाढात, समोरची टेकडी धुळीने दिसेनाशी झालेली असतानाही ते हवा उत्तम असल्याचे दाखवते. शाळेच्या पुस्तकात आपण सगळे शिकलो, की पावसाळ्यात हवा धुऊन निघते आणि हिवाळ्यात बिघडते. पुस्तक यंत्राच्या बाजूने आहे, पण बायको ताटलीच्या बाजूने आहे, कारण आषाढात दिवसातून दोनदा फरशी तिलाच पुसावी लागते. जाणकारांनी खुलासा करावा.

हवामानखुळा

धागा आवडला. दोन्ही साधने खरे बोलत आहेत. फक्त ती दोन वेगवेगळ्या गोष्टी मोजत आहेत.

आधी यंत्राविषयी. ही छोटी यंत्रे हवेच्या झोतावर लेझरचा किरण टाकतात आणि कणांवरून विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचे प्रमाण अंदाजतात. धुराचे कण एका मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) आतबाहेर असतात आणि ते या पद्धतीला बरे सापडतात. वाऱ्याने उठलेली माती मात्र बहुतांशी अडीच मायक्रॉनपेक्षा जाड असते. यंत्रातला पंखा लहान असल्यामुळे जाड कण पुरेसे आत ओढले जात नाहीत, आणि जे येतात त्यांची गणना नीट होत नाही. पडद्यावर पीएम १०, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे प्रमाण, असा आकडा दिसतो खरा, पण अशा स्वस्त यंत्रांत तो बराचसा बारीक कणांवरून बांधलेला अंदाज असतो. म्हणून आषाढात आपले यंत्र खोटे बोलत नाही, त्याला धूळ दिसतच नाही, असे म्हणावे लागेल.

ताटलीचे याच्या उलट आहे. दहा मायक्रॉनचा मातीचा कण शांत हवेत एक मीटर खाली उतरायला दोन-तीन मिनिटे घेतो. अडीच मायक्रॉनच्या कणाला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो, आणि धुराचा कण तर दिवसचे दिवस तरंगतो. त्यामुळे ताटलीत जे पडते ते जाड, आणि जे ताटलीत पडत नाही तेच फुप्फुसात खोलवर जाते.

आता ऋतूचा प्रश्न. पुस्तकातला पावसाळा हा कोकणातला किंवा फार तर साताऱ्या-कराडातला आहे. नैऋत्येचे वारे सह्याद्री चढताना पाणी टाकून देतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो, आणि तिथून पूर्वेला शंभरेक किलोमीटर आल्यावर माण, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या पट्ट्यात तो पाचशेच्या आसपास किंवा त्याच्याही खाली येतो. पाऊस घाटमाथ्यावर राहतो, पण वारा राहत नाही. तो पठारावर उतरतो तेव्हा कोरडा झालेला असतो आणि वेग टिकवून असतो. या हंगामात समुद्रसपाटीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवर वाऱ्याचा जोरदार प्रवाह असतो. दिवसा जमीन तापली, की हवेची घुसळण होऊन त्यातला वेग खाली उतरतो, आणि म्हणूनच आखाडातला वारा सकाळपेक्षा दुपारी अधिक झोंबतो. आपल्याकडच्या पवनचक्क्यांची खरी कमाई जून ते ऑगस्टमध्ये होते, ती याच वाऱ्यावर.

कुळवकरी

वरच्या प्रतिसादात वाऱ्याचे सांगितले, मातीचे राहिले. मी शेतकरी आहे, म्हणून तेवढी भर घालतो.

हा आपला सगळा पट्टा मुळात रब्बीचा. खरिपाची बाजरी, मटकी, हुलगा हलक्या रानात होतात, पण भारी काळ्या रानात शाळूच. शाळवाची पेरणी उत्तरा-हस्ताच्या पावसावर, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होते. याचा अर्थ असा, की जून, जुलै आणि ऑगस्ट या तीन महिन्यांत, जेव्हा वर्षातला सर्वांत जोराचा वारा वाहतो, तेव्हा आमची काळी राने नांगरून, उघडी पडलेली असतात. वर आम्ही त्यात कुळवाच्या पाळ्या घालतो. तण मारायचे, ओल धरायची आणि भेगा बुजवायच्या, यासाठी ते आवश्यकच आहे; वाडवडील ते उगाच करत नव्हते. परंतु बैलाच्या कुळवाने ढेकूळ फुटत होते, पीठ होत नव्हते. आता रोटाव्हेटर फिरतो. एकदा फिरवला, की वीतभर माती चाळल्यासारखी होते. बघायला रान सुंदर दिसते. पण तरणा आणि म्हातारा (पुनर्वसू आणि पुष्य नक्षत्रांचे पाऊस) कोरडे गेले, की तेच रान शेजाऱ्याच्या बांधावर जाऊन पडते.

मागच्या आषाढात मी स्वतः हे पाहिले. माझ्या बांधाच्या पूर्वेच्या अंगाला, घायपाताच्या रांगेमागे, चार बोटे जाडीचा मऊ मातीचा थर जमला होता. हात घातला तर मैद्यासारखा लागत होता. ती माती माझ्या पश्चिमेच्या रानातली होती. धूळ-धूळ म्हणून आपण जी झाडून उकिरड्यावर टाकतो, ती कोणाच्या तरी रानातली सर्वांत कसदार माती असते, एवढे या धाग्यावर नोंदवून ठेवावेसे वाटले.

हवामानखुळा

कुळवकरी यांचा मुद्दा माझ्या उत्तरापेक्षा मोलाचा आहे. वाळूएवढे जाड कण वाऱ्याने उडत नाहीत, ते उड्या मारत जातात, आणि प्रत्येक उडीला जमिनीवर आपटून बारीक धूळ उधळतात. ही क्रिया सुरू होण्यासाठी कोरड्या, मोकळ्या जमिनीवर ढोबळमानाने सेकंदाला सहा-सात मीटर, म्हणजे ताशी बावीस-पंचवीस किलोमीटर वारा लागतो. पवनचक्की फिरू लागायला त्याच्या निम्मा वेग पुरतो. म्हणजे ढालगावच्या बाजूच्या चक्क्या नुसत्या फिरत असल्या तर धूळ उठेलच असे नाही, पण भरात फिरू लागल्या की आपण वाळत घातलेले कपडे आत घ्यावेत.

जमीन ओली असेल, तिच्यावर पापडी धरलेली असेल किंवा ढेकळे असतील, तर हा उंबरठा, म्हणजे धूळ उठायला लागणारा वाऱ्याचा वेग, वर जातो. एखादी बारीक सर पडून गेली, की वरची पापडी दोन-चार दिवस मातीला धरून ठेवते. त्यावरून ट्रॅक्टर किंवा मेंढरांचा कळप गेला, की ती मोडते. पाऊस किती पडला यापेक्षा तो किती दिवसांनी पडला, हे धुळीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. ऑगस्ट २०२३ हा देशातला १९०१ नंतरचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, हे आठवत असेल. त्या वर्षाची वही कुणी ठेवली असती, तर ताटलीचा आषाढ थेट भाद्रपदापर्यंत लांबलेला दिसला असता.

दहिवडीकर

२०२३ ची वही नाही, पण डोळ्यांनी पाहिले आहे. माणमध्ये त्या वर्षी श्रावण आला हे फक्त उपासांवरून कळत होते. बैल धुवायला पाणी मिळेना, अशी बेंदराची गत होती. २०१२-१३ च्या दुष्काळात छावणीत जनावरे घेऊन राहिलेल्या लोकांना विचारा. त्यांना तहानेइतकीच धुळीची आठवण आहे. हजारो खुरांखाली माळाची पापडी मोडली, की तिथे दिवसभर वावटळीच उठतात.

उन्हाळ्यातल्या वावटळी आणि आषाढातला वारा यांत मात्र फरक करावा, असे माझे मत आहे. चैत्र-वैशाखात धूळ उभी उठते, जागच्या जागी गरगरते आणि थोड्या वेळात बसते. वळवाच्या आधी एक मोठा लोट येतो, पत्रे वाजतात, पाचदहा मिनिटे काही दिसत नाही आणि मग पाऊस पडला तर सगळे निवळते. नाहीच पडला, तर तोंडात फक्त माती राहते. आषाढातली धूळ आडवी असते. ती सहा-सहा आठवडे एकाच दिशेने येते, आणि घराच्या पश्चिमेच्या खिडक्या त्या काळात उघडताच येत नाहीत. आमच्या जुन्या घरांना पश्चिमेला दार किंवा मोठी खिडकी का नाही, ते मला नोकरीनिमित्त पुण्याला राहून परत आल्यावर समजले.

बेदाणा शेड

माझी बेदाण्याची शेड आहे, म्हणून माझा ऋतू तुमच्यापेक्षा वेगळा आहे आणि त्याबद्दल कुणी लिहिलेले दिसले नाही. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत आमचा हंगाम. द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून जाळीवर पसरायची, आणि दोन आठवड्यांच्या आसपास सावलीत वाळवायची. साधारण चार किलो द्राक्षांतून एक किलो बेदाणा मिळतो. हा धंदा तासगाव, कवठेमहांकाळ, जत याच भागात का वाढला, त्याचे कारण हेच हवामान आहे. मार्चमधल्या दुपारी इथली हवा इतकी कोरडी असते, की ओला टॉवेल तासाभरात कडक होतो. कोकणात तीच द्राक्षे बुरशी धरतील.

पण हीच कोरडी हवा धूळही घेऊन येते. शेडभोवती लावलेली हिरवी जाळी हंगामाच्या सुरुवातीला हिरवी असते. गुढीपाडव्यापर्यंत तिचा रंग मातीचा होतो. जाळीला हात लावून बघितला, तर बोटांवर ठसा उमटतो. मालावर धूळ बसली, की धुवावा लागतो, आणि धुतला की भाव पडतो. एका हंगामात शेजारच्या कच्च्या रस्त्याने मुरमाचे डंपर सुरू झाले. ठेकेदाराला रोज दोन वेळा पाणी मारण्याची विनंती केली. त्याने पहिले तीन दिवस मारले, चौथ्या दिवशी टँकर बिघडल्याचे सांगितले, आणि तो टँकर काम संपेपर्यंत बिघडलेलाच राहिला. त्या वर्षीचा पश्चिम बाजूच्या दोन रॅकचा माल मी कमी दराने दिला.

आणखी एक गोष्ट, जी आम्ही शेडवाले मोकळेपणाने बोलत नाही. रंग पिवळा राहावा म्हणून बेदाण्याला गंधकाची धुरी देतात. बंद खोलीत गंधक जाळले की सल्फर डायऑक्साइड तयार होतो. खोली उघडताना तो वायू थेट समोरच्या बाईच्या तोंडावर येतो, आणि शेडवर काम करणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. मी आता खोली दुपारी उघडते, वारा पाठीमागून असेल तेव्हा, आणि अर्धा तास कुणाला जवळ येऊ देत नाही. सकाळी लवकर उघडण्याची पद्धत मी बंद केली. का ते मला शास्त्राने सांगता येणार नाही. सकाळी वास जागेवरच रेंगाळतो, दुपारी निघून जातो, एवढे अनुभवाने कळले.

हवामानखुळा

ताई, शास्त्र तुमच्या बाजूने आहे, आणि धागाकर्त्यांच्या हिवाळ्यातल्या आकड्यांचे उत्तरही त्यातच आहे.

दिवसा जमीन तापते, खालची हवा हलकी होऊन वर जाते आणि धूर तिच्याबरोबर वर जाऊन विरतो. उन्हाळ्यातल्या दुपारी ही घुसळण दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत पोहोचते. रात्री जमीन उष्णता आकाशात सोडून थंड होते. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल, तर ही उष्णता अडवायला ढग नसतात, बाष्पही पुरेसे नसते. म्हणून आपल्या कोरड्या पट्ट्यात दिवस-रात्रीच्या तापमानातली तफावत मोठी असते. पहाटेपर्यंत जमिनीलगतची हवा थंड आणि जड, तिच्यावरची हवा उबदार, अशी उलटी रचना होते. एरवी वर जाताना दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंश तापमान कमी होते. इथे शंभर-दोनशे मीटरपर्यंत ते वाढत जाते. त्या खालच्या हवेला झाकण बसते. जो धूर दुपारी दोन किलोमीटरच्या खोलीत मिसळला असता, तो दोनशे मीटरांत कोंडतो. धूर तेवढाच असला तरी आकडा अनेक पटींनी चढतो, तो यामुळे.

पौषात सकाळी सहा-साडेसहाला गावाबाहेरच्या उंचवट्यावर उभे राहून गावाकडे पाहावे. घराघरांतून आंघोळीच्या पाण्याचे बंब पेटलेले असतात. प्रत्येक बंबाचा धूर सरळ वर निघतो, आंब्या-चिंचेच्या शेंड्याच्या थोडे वर गेला, की अदृश्य छताला टेकावा तसा थबकतो आणि आडवा पसरतो. ओढ्याच्या बाजूला उतार असेल, तर थंड हवेबरोबर तो ओढ्यात उतरून बसतो. साडेआठ-नऊला ऊन लागून घुसळण सुरू झाली, की वर अडकलेला धूर आधी खाली येतो. म्हणून यंत्राचा आकडा सूर्य उगवल्यावर काही काळ वाढतो आणि मग दहाच्या सुमारास झपाट्याने उतरतो. आपल्या नोंदींत हे दिसते का, ते जरूर तपासावे.

दंडोबाचा पायथा (धागाकर्ता)

तपासले. पौषातल्या बहुतेक दिवसांत तसाच चढ आहे, आठ ते नऊच्या दरम्यान. मला तो शाळेच्या बसगाड्यांचा वाटत होता. मात्र रविवारीही तो येतो, हे आता लक्षात आले.

आणखी एक आढळले. कार्तिकात पाऊस उघडल्यावर काही पहाटे यंत्राने अचानक मोठे आकडे दाखवले, पण धुराचा वास नव्हता. त्या प्रत्येक वेळी धुई पडलेली होती.

हवामानखुळा

धुईच्या दिवसांतले आकडे वहीत लाल शाईने खुणा करून बाजूला ठेवावेत. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात, आणि यंत्र पाण्याच्या थेंबालाही धूळच समजते. सरकारी केंद्रातली यंत्रे हवा आत घेताना वाळवून घेतात. आपल्या यंत्रांत ती सोय नसते.

मिरजेचा पूल

नदीकाठचा माणूस म्हणून थोडे वेगळे सांगतो. आमच्याकडे आषाढात धूळ नसते, चिखल असतो. पण २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले आणि ओसरल्यावर सगळ्या पेठांतून गाळाचा थर राहिला. तो वाळल्यावर वाहनांच्या चाकांखाली त्याचे पीठ झाले, आणि गणपतीच्या दिवसांत, भर भाद्रपदात, सांगलीकरांनी तोंडाला रुमाल बांधले. म्हणजे पावसाने हवा धुतली जाते हे खरे, पण पाऊस जे वाहून आणतो त्याचाही हिशेब ठेवावा लागतो.

दुसरे, आमचा मुख्य त्रास गळीत हंगामातला. ऊस तुटून गेला, की पाचट पेटवतात, तेही संध्याकाळी, वारा पडल्यावर, आग शेजारच्या फडात जाऊ नये म्हणून. शेतकऱ्याच्या बाजूने ती वेळ शहाणपणाची आहे. हवेच्या बाजूने याहून वाईट वेळ शोधून सापडणार नाही, कारण वर सांगितलेले झाकण त्याच सुमाराला बसू लागते. खाली गुऱ्हाळे आणि वीटभट्ट्याही कोरड्या महिन्यांतच चालतात. आता म्हैसाळ आणि टेंभू या उपसा सिंचन योजनांचे पाणी तुमच्याकडे पोहोचले आहे, ऊस वाढतो आहे. उघडी राने झाकली जातील तशी तुमची आषाढातली धूळ कमी होईल आणि पौषातला धूर वाढेल, असा माझा अंदाज आहे. पाणी आले, की आमचे दुखणेही बरोबर येते.

रोखठोक

एवढी चर्चा झाली, पण मूळ प्रश्न असा आहे, की माती ही काही विषारी वस्तू आहे का? आमच्या आज्यांचे आयुष्य याच मातीत गेले. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी उन्हातान्हात खडी फोडली. उद्योगांचा धूर आणि रानातली माती एकाच मापाने मोजणे मला पटत नाही.

ग्रामीण ओपीडी

मी तालुक्याच्या गावात दवाखाना चालवतो, त्यामुळे उत्तर देण्याचा थोडा अधिकार घेतो. आपला आक्षेप अर्धा बरोबर आहे.

आपली माती बेसाल्टच्या खडकाची आहे आणि त्या खडकात मोकळे क्वार्ट्झ (सिलिकेचे स्फटिक) फार कमी असते. त्यामुळे राजस्थानातल्या वालुकाश्माच्या खाणींत जसा सिलिकोसिस (सिलिकेच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) आढळतो, तसा धोका आपल्या शेतातल्या धुळीत नाही. जाड कण बहुतेक नाकात आणि घशात अडकतात. परंतु ज्याला आधीच दमा आहे, त्याच्या श्वासनलिका आवळायला तेवढेही पुरते. आणि खडी फोडणाऱ्या त्या पिढीतल्या किती जणांची छाती कधी तपासली गेली, हा प्रश्न आपण आणि मी दोघांनीही स्वतःला विचारावा.

कायद्याचे माप खरोखर एकच आहे. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार पीएम १० ची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आणि वर्षाची ६०, पीएम २.५ साठी ६० आणि ४०. कण मातीचा की धुराचा, असा भेद त्यात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची वार्षिक पातळी ५ वर आणली, जी आपल्याकडे स्वच्छ दिवसांतही कठीण वाटते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात सांगली शहराचे नाव आले, तेही पीएम १० च्या आधारे. रोखठोक यांच्या म्हणण्यात तथ्य आहे ते इथे: जाड कणांचाच हिशेब ठेवला, की रस्ते झाडण्यावर आणि पाणी फवारण्यावर पैसा जातो, बंब आणि पाचट तसेच राहतात.

माझ्या बाकावर येणारे रुग्ण ऋतूप्रमाणे बदलतात. आषाढात डोळे चोळत येणारे, शिंकणारे आणि शाळकरी मुले जास्त. भाद्रपद-आश्विनात काँग्रेस गवत फुलते, तेव्हा नाक गळणारे आणि अंगाला खाज येणारे. परागकण हवेच्या गुणवत्ता निर्देशांकात मोजले जात नाहीत, म्हणून मोबाइलवर हवा हिरवी दिसत असतानाही ते येतात. आणि पौषात म्हातारी माणसे, त्यांतही चुलीपुढे आयुष्य काढलेल्या बायका. आषाढातले रुग्ण औषध घेऊन घरी जातात. पौषातल्यांपैकी काहींना मला सांगलीला पाठवावे लागते.

रुमालाविषयी नेहमी विचारतात. सुती रुमाल आषाढातली धूळ बऱ्यापैकी अडवतो. धुरापुढे त्याचा उपयोग जवळजवळ नाही, तिथे एन ९५ मुखपट्टीच लागते. पहाटे फिरायला जाणाऱ्यांनी डिसेंबर-जानेवारीत नऊनंतर किंवा दुपारी चारला जावे. हे सांगितले, की लोक मला वेड्यात काढतात, कारण पहाटेची हवा शुद्ध, असे आपल्या डोक्यात पक्के बसले आहे.

रोखठोक

खडीचा मुद्दा लागला. माझे आजोबा त्या कामावर होते आणि शेवटची दहा वर्षे ते बसूनच झोपत. घरात त्याला म्हातारपणाचा दमा म्हणत. माझे म्हणणे मागे घेत नाही, पण थोडे थांबतो.

बेदाणा शेड

डॉक्टर, धुरीच्या खोलीसाठी एन ९५ चालेल का?

ग्रामीण ओपीडी

नाही. ती कणांसाठी असते, वायूसाठी नाही. सल्फर डायऑक्साइडसाठी आम्ल वायू शोषणारी डबी लावलेला मास्क लागतो. शिवाय दमा असलेल्या बाईला त्या कामावर लावूच नये. निरोगी माणसाला जे नुसते झोंबते, त्याने दम्याच्या रुग्णाचा श्वास काही मिनिटांत कोंडतो. खोली दुपारी उघडण्याचा आपला निर्णय उत्तम आहे.

कुळवकरी

उपायांकडे वळतो, कारण वाऱ्याला कुणी थांबवू शकत नाही. पश्चिमेच्या बांधावर शेवरी, गिरिपुष्प किंवा सुबाभूळ यांची दाट रांग लावली, तर तिच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर मोडतो. पंधरा फुटी रांग दीडशे फूट रान राखते. रांग भिंतीसारखी गच्च नसावी. थोडा वारा गाळून जाऊ द्यावा, नाहीतर पलीकडे भोवरे होतात. रोटाव्हेटर मृगाच्या आधी फिरवू नये, ढेकूळ राहू द्यावे. पाचट आणि धसकटे जाळण्याऐवजी रानातच ठेवली, तर धूरही वाचतो आणि धूळही. माझ्या भावकीत हे सांगून मी थकलो आहे. रान चकाचक दिसले नाही, तर लोक आळशी म्हणतात.

दंडोबाचा पायथा (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. बायकोला धागा वाचून दाखवला. ताटली बरोबर होती, हे तिला आधीच माहीत होते. यंत्रही बरोबर होते, यावर तिचा अजून विश्वास नाही.

माझ्या घराच्या पश्चिमेला शेजाऱ्याच्या बांधावर शेवरीची जुनी रांग आहे, पण ती निम्म्याच बांधापर्यंत आहे. कालच तिच्या मागे आणि उघड्या भागामागे, सारख्या अंतरावर, कमरेएवढ्या खुंटावर एकेक ताटली बसवली. ताटल्या एकाच दुकानातल्या, एकाच मापाच्या आहेत. तिसरी गच्चीवर आहेच. आर्द्रा लागून चार दिवस झाले, अजून थेंब नाही, आणि आज दुपारपासून ढालगावकडच्या चक्क्या भरात आहेत. सराफाला आता रविवारी तीन पुड्या तोलायच्या आहेत, असे सांगितले. त्याने सोन्याचा दर सांगून माझी चेष्टा केली. बंबाच्या जागी पाणी तापवायला गच्चीवर सौर यंत्र बसवण्याचे पौषाच्या आत करायचे ठरवले आहे. उत्तरा लागली, की तिन्ही ताटल्यांचे वजन इथेच देतो.